सहा लाखांचे गृहकर्ज : गावठाणातल्या जागेवर कोण देईल?

दुधनाकाठ (ता. सेलू, जि. परभणी)

नमस्कार. घर बांधण्यासाठी मला सहा लाख रुपये कर्ज हवे आहे. ते कोणाकडून घ्यावे, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे.

माझा मोटार रिवायंडिंगचा व्यवसाय आहे. दुकान सेलूत आणि राहणे तालुक्यातल्या गावी. उद्यम नोंदणी केलेली आहे आणि मागील दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे भरलेली आहेत. उत्पन्न मात्र वर्षभर सारखे नसते. रब्बीत विहिरीवरच्या मोटारी जळू लागल्या की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसाळ्यात आठवड्याला एखादी मोटार आली तर आली. पत्नी अंगणवाडीत मदतनीस आहे.

जागा वडिलांची, गावठाणातली. नमुना नंबर आठवर ‘दगड-मातीचे माळवद, खण तीन, ३० बाय ४० फूट’ अशी नोंद असून नाव अजून वडिलांचेच आहे. वडील हयात नाहीत. आई, आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण असे वारस आहोत. माळवदाची, म्हणजे मातीच्या धाब्याच्या जुन्या घराची, मागची भिंत पावसाने फुगली आहे, त्यामुळे आणखी एक पावसाळा त्यात काढणे धोक्याचे वाटते.

एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत ‘गावठाणाच्या जागेवर होत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. त्यानंतर एका गृहवित्त कंपनीचा प्रतिनिधी घरी आला. नमुना आठवर १४ टक्के दराने १५ वर्षांसाठी कर्ज देतो म्हणतो, पण आधी लॉगिन फी (अर्ज दाखल करण्याचे शुल्क) मागतो. तिसरा पर्याय म्हणजे सेलूच्या हद्दीबाहेर एक तयार दोन खोल्यांचे घर विकाऊ आहे. पण मालक खरेदीखत करून द्यायला तयार नाही, बाँडवर नोटरी करून देतो म्हणतो. यांपैकी कोणता मार्ग धरावा?

निवृत्त शाखाधिकारी (नांदेड)

आपण सर्व माहिती एकत्र दिलीत हे फार बरे केले, कारण आपल्या भागात छोट्या गृहकर्जाचा प्रश्न व्याजदरापासून सुरू होत नाही, तो जागेच्या कागदापासून सुरू होतो. कागद पक्का असेल तर कर्ज देणारे चार जण भेटतात आणि दर पाहून निवड करता येते. कागद कच्चा असेल तर निवड आपल्या हातात राहत नाही, जो देईल त्याच्या दराने घ्यावे लागते. म्हणून आधी तिसरा पर्याय बाजूला ठेवा. नोटरी केलेल्या बाँडने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीकृत खरेदीखतच लागते. अशा घरावर कोणतीही बँक कर्ज देणार नाही, आणि आपण रोख देऊन घेतले तरी उद्या विकताना आपल्यालाही बाँडच करून द्यावा लागेल.

आता १४ टक्क्यांचा अर्थ रुपयांत पाहू. सहा लाख रुपये, मुदत १५ वर्षे. दर साडेआठ टक्के धरला तर मासिक हप्ता सुमारे ५,९०८ रुपये बसतो आणि १४ टक्क्यांना तोच हप्ता सुमारे ७,९९० रुपये होतो. महिन्याचा फरक २,०८२ रुपयांचा दिसतो, पण १८० हप्त्यांत तो पावणेचार लाखांच्या घरात जातो. एवढ्या रकमेत वरची एक खोली उभी राहते. त्यामुळे कागद दुरुस्त करण्यात दोन-तीन महिने गेले तरी ते वाया गेले असे मानू नका.

बँकेने तोंडी नकार दिला, तो नकार मानू नका. लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज नाकारायचा असेल तर त्याचे मुख्य कारण लेखी कळवणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेवर बंधनकारक आहे. शाखेत ‘गावठाण’ हा शब्द बहुतेक वेळा ‘मालकीचा पुरावा अपुरा’ या अर्थाने वापरला जातो. नमुना आठ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर लागते हे तो सांगतो, मालक कोण हे सिद्ध करत नाही. बँकेचा पॅनेलवरचा वकील तेथेच थांबतो.

माझ्या मते आपला क्रम असा असावा. प्रथम आपले खाते आणि दुकानाची उलाढाल ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत आहे ती शाखा, आणि तिच्या बरोबरीने महाराष्ट्र ग्रामीण बँक. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत या बँकेच्या शाखा आहेत आणि गावठाण म्हणजे काय हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. छोटे गृहकर्ज प्राधान्य क्षेत्रात (ज्याला ठरावीक प्रमाणात कर्ज देणे बँकांना बंधनकारक असते) मोजले जाते, म्हणजे ते देण्यात बँकेचेही हित आहे. त्यानंतर सुस्थितीतील नागरी सहकारी बँक, मग गृहवित्त कंपनी. पतसंस्थेचा विचार घरासाठी शक्यतो करू नये.

न्यायमित्र (लातूर)

शाखाधिकारी साहेबांनी जे सांगितले त्यात कागदाची बाजू मी थोडी विस्ताराने मांडतो, कारण या धाग्यातला खरा अडसर तोच आहे.

आपल्या गावाचे स्वामित्व योजनेखाली ड्रोन सर्वेक्षण झाले आहे का, हे आधी पाहा. ही योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली आणि तिच्यात गावठाणातील प्रत्येक घरजागेची मोजणी करून सनद व मिळकत पत्रिका दिली जाते. चौकशी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात करावी. मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर ‘गावठाणाला मालकीचा कागद नाही’ हा आक्षेप बराचसा गळून पडतो. मात्र एक गोष्ट बारकाईने तपासा. नमुना आठवर ३० बाय ४० फूट म्हणजे १,२०० चौरस फूट, सुमारे १११ चौरस मीटर. माळवदांच्या जुन्या नोंदी अंदाजाने झालेल्या असतात, त्यामुळे ड्रोनच्या मोजणीत क्षेत्र कमी भरणे नवीन नाही. दोन्ही उताऱ्यांत तफावत असेल तर वकील शोध अहवालात, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, शेरा मारतो आणि प्रकरण परत येते. ग्रामपंचायतीकडून नमुना आठची नोंद मिळकत पत्रिकेप्रमाणे दुरुस्त करून घ्यावी. चतु:सीमा, म्हणजे चारही बाजूंचे शेजारी, दोन्हीकडे सारखे लिहिलेले असावेत. शेजारच्या घरात वाटणी होऊन नाव बदलले असेल तर तेही जुळवून घ्यावे.

पुढे वारसनोंद. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन्ही मुलगे आणि मुलगी यांचा समान हिस्सा येतो, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश. बँक एकट्या आपल्या सहीवर जागा तारण घेऊ शकत नाही. चौघांची नावे लागल्यावर इतर तिघे आपल्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकतात. वारसाहक्काने आलेल्या मिळकतीत विनामोबदला असे पत्र भावाबहिणींत झाले तर मुद्रांक शुल्क नाममात्र असते.

दुसऱ्या वाचकांसाठीही लिहून ठेवतो. गावठाणाबाहेरची, सातबारावरची जागा असेल तर मराठवाड्यात आणखी एक पायरी असते. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे वकील १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) मागतात आणि तेथून आजपर्यंतचे फेरफार जुळवतात. इनाम जमीन किंवा हैदराबाद कूळवहिवाट कायदा, १९५० खाली कुळाला मिळालेली जमीन असेल आणि सातबारावर ‘भोगवटादार वर्ग-२’ असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का हे पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये.

बालाघाट (बीड)

हक्कसोडपत्राबद्दल मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. बँकेला कागद हवा म्हणून बहिणीला घाईघाईने रजिस्ट्री ऑफिसात नेऊन सही घेतली, असे प्रकार आपल्याकडे घरोघरी होतात. ती नाही म्हणत नाही, कारण नाही म्हटले तर माहेर तुटेल याची तिला भीती असते. दादा, आपण तसे करणार नाही असा माझा विश्वास आहे, पण दुसराही मार्ग असतो हे आपल्याला ठाऊक असावे. चारही सहमालक तारण देण्यास संमत असतील तर बँक त्यांना सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेऊन सर्वांच्या सह्यांनी गहाण करून घेऊ शकते. सहकर्जदार झालेल्याच्या नावावर कर्ज दिसते, त्याच्या स्वतःच्या पुढच्या कर्जावर त्याचा परिणाम होतो, हे बहिणीला आणि भावाला आधीच स्वच्छ सांगावे. हक्क सोडायचाच असेल तर तिने तो समजून, स्वखुशीने सोडावा, आणि तिला काही देणे ठरले असेल तर तेही त्याच दस्तात लिहावे.

पतसंस्थेबद्दल शाखाधिकारी साहेबांनी एका वाक्यात सांगितले, त्याचे कारण मी सांगते. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने घरासाठी एका पतसंस्थेकडून कर्ज घेतले होते. हप्ते वेळेवर भरले, पण संस्थाच बुडाली. आता घराचे मूळ खरेदीखत अवसायकाच्या, म्हणजे बुडालेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात आहे आणि कर्ज फिटूनही ते हाती येत नाही. ठेवीदारांचे हाल सर्वांना दिसतात. कर्जदाराचा कागद अडकतो हे कोणी बोलत नाही. पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते, त्यामुळे बँकिंग लोकपालाकडेही जाता येत नाही.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बाँडवरच्या घराचा विचार सोडला आहे. बहिणीशी बोललो, ती सहमालक म्हणून सही करण्यास तयार आहे, आणि तिचा हिस्सा तसाच राहावा असे आईचेही म्हणणे आहे, म्हणून हक्कसोडपत्र करायचे नाही असे ठरले. गावाचे ड्रोन सर्वेक्षण झालेले आहे. भूमी अभिलेख कार्यालयात पाहिले तर पत्रिकेवर १०४ चौरस मीटर क्षेत्र आणि वडिलांचे नाव आहे. न्यायमित्र साहेबांनी सांगितलेली तफावत निघालीच. नमुना आठच्या दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, वारसनोंदीसाठीही दिला आहे.

आता दोन नवे प्रश्न आहेत. माझ्या नावावर जिल्हा बँकेचे पीककर्ज आहे, ते कर्जमाफी होईल या आशेने भरलेले नाही. पत्नीच्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचे कर्ज होते. तिचे हप्ते पूर्ण झाले, पण गटातल्या दोघींचे थकले. याचा गृहकर्जावर परिणाम होईल का? शिवाय व्याजात सवलत देणारी केंद्राची योजना आमच्या गावाला लागू होते का?

निवृत्त शाखाधिकारी

पीककर्जाचा परिणाम निश्चित होतो, आणि आपल्या भागातली निम्मी गृहकर्जे याच ठिकाणी अडतात असे मी माझ्या नोकरीच्या अनुभवावरून म्हणू शकतो. २०१७ आणि २०१९ साली राज्यात कर्जमाफीच्या योजना आल्या, तेव्हापासून ‘पुढची येईल’ म्हणून कर्ज थकवत ठेवण्याची सवय अनेकांना लागली. त्यामागची अडचण मला समजते. सोयाबीन पाण्यात गेल्यावर शेतकरी भरणार कोठून? परंतु सोयाबीन, मूग, उडीद यांसारख्या कमी मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकले की ते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि तशी नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीकडे, जाते. पुढे माफी मिळाली तरी थकल्याचा इतिहास तेथे दिसत राहतो. तडजोड करून कमी रक्कम भरली तर ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि गृहकर्ज देणाऱ्याला तोही चालत नाही. आपल्याला शक्य असेल तर पीककर्ज पूर्ण भरा, बेबाकी प्रमाणपत्र (कर्ज शिल्लक नसल्याचा दाखला) घ्या आणि नोंद अद्ययावत झाल्यावरच अर्ज करा.

ताईंच्या गटकर्जाबाबत अंदाजावर राहू नका. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. आपल्या दोघांचे अहवाल काढा. ताईंचे कर्ज ‘बंद’ दाखवलेले नसेल तर त्या संस्थेचा नाहरकत दाखला जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. आणि सहा ठिकाणी एकाच वेळी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी त्या अहवालात नोंदली जाते आणि गुणांक खाली येतो.

उत्पन्नाबद्दल एक सूचना. दुकानात क्यूआर कोडवर येणारे पैसे आणि रोखीचे पैसे एकाच खात्यात नियमित भरत चला. आपला हंगामी धंदा आहे, तर बारा महिन्यांचा खातेउतारा बँकेला दाखवा, म्हणजे पावसाळ्यातला खड्डा रब्बीत कसा भरून निघतो हे अधिकाऱ्याला दिसेल. पत्नीचे मानधन सहअर्जदार म्हणून जोडा. रक्कम लहान असली तरी ती दरमहा येते, याला महत्त्व आहे.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

योजनेबद्दल सांगतो. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात व्याज अनुदानाचा घटक आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के दराने, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. देशात कोठेही स्वतःचे पक्के घर नसावे ही अट आहे. परंतु ही योजना नागरी क्षेत्रासाठी आहे, आपल्या ग्रामपंचायतीतल्या घराला ती लागू होणार नाही. ग्रामीण योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचे अनुदान मिळते, मात्र यादीत नाव असावे लागते. ग्रामसेवकाकडे यादी पाहून घ्या.

शहरात राहणाऱ्यांसाठी एक जोड. आमच्याकडे गुंठेवारीच्या, म्हणजे विनापरवाना गुंठ्यांनी पाडलेल्या भूखंडांवरच्या, वसाहती पुष्कळ आहेत. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची मुभा मिळाली. महापालिकेचे नियमितीकरण प्रमाणपत्र हाती असलेल्या घराला कर्ज मिळाल्याची उदाहरणे माझ्या गल्लीत आहेत. त्याच घराच्या मालकाला प्रमाणपत्राआधी कोणी दारात उभे करत नव्हते.

तेरणा (धाराशिव)

येथे गृहवित्त कंपन्यांना सरसकट वाईट ठरवू नये असे मला वाटते. माझ्याकडे विवरणपत्र नव्हते, किराणा दुकानाचा सगळा हिशेब वहीत होता, आणि तेव्हा कोणतीही बँक फाइल हातात घेत नव्हती. कंपनीचा माणूस दुकानात येऊन दिवसभर बसला, गिऱ्हाईक मोजले, माल पाहिला, ठोक व्यापाऱ्याला विचारले आणि त्यावरून उत्पन्न ठरवून कर्ज दिले. दर जास्त होता, पण घर उभे राहिले. दोन-तीन वर्षे विवरणपत्रे भरल्यावर मी तेच कर्ज बँकेकडे वळवले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, म्हणून हे जमले.

पण सही करताना चार गोष्टी पाहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य माहितीपत्रक देणे सक्तीचे आहे. त्यात सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. प्रतिनिधी तोंडाने सांगतो तो आकडा सोडून हा आकडा दोन संस्थांत ताडून पाहावा. माझ्या पहिल्या मंजुरीपत्रात आयुर्विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला होता, म्हणजे त्यावरही पंधरा वर्षे व्याज. कर्जासाठी तो विमा घेणे सक्तीचे नाही असे मी लेखी दिल्यावर तो काढला. दर बदलता आहे की पहिली काही वर्षे स्थिर आहे, हे विचारा. ग्रामीण बँका वगळता व्यापारी बँकांना बदलता दर रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) बाह्य निर्देशांकाशी जोडावा लागतो, गृहवित्त कंपन्यांना तशी सक्ती नाही. म्हणून रेपो उतरला तरी त्यांचा दर उतरेलच असे नाही. चौथे म्हणजे लॉगिन फी. ती रोख देऊ नका, प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यावर तर अजिबात पाठवू नका.

न्यायमित्र

तक्रारीचा मार्गही सांगून ठेवतो. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बँकेकडे कागद जमा करताना त्यांची यादी करून शाखेचा शिक्का घेऊन ठेवा. सनदेची मूळ प्रत त्या यादीत असलीच पाहिजे.

दुधनाकाठ

नमुना आठ दुरुस्त होऊन आला: १०४ चौरस मीटर, चौघांची नावे. पीककर्ज भरले, त्यासाठी एक म्हैस विकावी लागली, पण बेबाकी मिळाली. पत्नीच्या अहवालात गटकर्ज बंद दाखवले आहे. महाराष्ट्र ग्रामीण बँकेच्या शाखेत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. परवानाधारक अभियंत्याने केलेले अंदाजपत्रक आठ लाख दहा हजारांचे आहे. व्यवस्थापकांनी वकिलाकडे शोध अहवालासाठी कागद पाठवले असून मूल्यांकनासाठी अभियंता पुढच्या आठवड्यात येणार आहे. माळवद आत्ताच पाडून जागा मोकळी करावी, की त्यांच्या भेटीपर्यंत ठेवावे?

निवृत्त शाखाधिकारी

भेटीपर्यंत ठेवा. अभियंता जागेवर आला की तो चतु:सीमा पाहतो, टेपने लांबी-रुंदी घेतो आणि फोटो काढतो. जुनी भिंत उभी असेल तर आपली हद्द कोठपर्यंत आहे हे दाखवणे सोपे जाते. त्या वेळी चारही बाजूंचे शेजारी घरी असतील असे पाहा. माळवदाची किंमत तो धरणार नाही, त्याची अपेक्षा ठेवू नका.

मंजुरीनंतर कर्ज एकरकमी मिळणार नाही. जोते, स्लॅब आणि गिलावा अशा टप्प्यांनी रक्कम सुटते, आणि बँक आधी आपला हिस्सा, म्हणजे वरचे दोन लाख दहा हजार, खर्च झालेला पाहते. वाळू, सिमेंट आणि गजाच्या पावत्या नावानिशी घ्या. गवंड्याला उचल देताना ही गोष्ट ध्यानात असू द्या, कारण जोत्यापर्यंत आपलेच पैसे लागतील. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत फक्त उचललेल्या रकमेवर व्याज भरावे लागते. ते पावसाळ्याच्या महिन्यांत येणार असेल तर त्याची तजवीज आधीच करून ठेवा. मंजुरीपत्र हाती आले की खातेक्रमांक आणि नावे झाकून मुख्य माहितीपत्रकाचे पान येथे टाका, विम्याची आणि शुल्काची ओळ आपण सर्व मिळून वाचू.